५ टक्के सिमेंटची ३० मीटर उंच भिंत: भाचा थापा मारतोय का?

चाळीसगावचा_ठेकेदार (सोमवार, रात्री ९:५०)

राम राम मंडळी. आखाजीला बहीण माहेरी आलीय, सोबत भाचा. भाचा राजस्थानात जस्ताच्या एका खाणीवर नोकरीला आहे. काल गच्चीवर आमरस-पुरणपोळी रिचवल्यावर तो सांगायला लागला की, खाली धातूचा दगड काढून झाला की जी पोकळी उरते (त्याला ते 'स्टोप' म्हणतात), ती परत भरतात. कशाने? तर दगड दळून जस्त काढून घेतल्यावर उरलेल्या पिठाने, म्हणजे टेलिंग्जने. त्यात पाणी आणि ५ टक्के सिमेंट. महिनाभराने त्याला खेटूनच पुढचा दगड सुरुंगाने उडवतात, आणि ३० मीटर उंच भराव उघडा पडतो. म्हणजे दहा मजली इमारत. तरी पडत नाही म्हणे.

मी २२ वर्षं घरं बांधतोय. मालात सिमेंट कमी पडलं तर प्लास्टर पहिल्या पावसाळ्यात हाताने सोलून निघतं. १ ला २० या हिशेबाने मी साधा ओटासुद्धा टाकणार नाही.

पठ्ठ्याने पुरावा म्हणून पिशवीतून एक तुकडा काढला. मशीनवर दाबून फोडलेल्या नमुन्याचा उरलेला भाग. रंग पाटीवरच्या पेन्सिलीसारखा. अंगठ्याच्या नखाने ओरखडा ओढला तर पांढरी रेघ उठली आणि बोटाला पीठ लागलं. ह्याची दहा मजली भिंत?

जाणकारांनी सांगा. भाच्याला खोटं पाडायचंय असं नाही, पण पाडता आलं तर बरं.

भरीतवाला

भाच्याची बाजू घेतो. आमच्या गल्लीत एका ठेकेदाराने ५ टक्क्यांतच अख्खं घर उभं केलंय. १२ वर्षं झाली, अजून पडलेलं नाही. (आपण नव्हेत, गैरसमज नको.)

सुरुंग

वडील कोळशाच्या खाणीत होते, लहानपण तिकडे गेलं. तिथे दामोदरची वाळू पाण्याबरोबर पाइपाने आत सोडायचे. त्याला सगळे 'स्टोइंग' म्हणायचे. सिमेंटचा कणही नाही. पाणी झिरपून जायचं, वाळू मागे राहायची. मग जस्तवाल्यांना सिमेंटची चैन कशाला?

टोपीदिवा (मंगळवार, सकाळी ६:१५)

ठेकेदारभाऊ, मी मूळचा पाचोऱ्याचा. ३१ वर्षं धातूच्या खाणींत काढली, आता निवृत्त. भाचा खरं बोलतोय. घोळ 'भिंत' या शब्दाने केलाय.

तुम्ही बांधता ती भिंत मोकळी उभी असते. तिचं सगळं वजन सरळ खाली पायावर उतरतं. खाणीतला भराव म्हणजे खडकाच्या चौकटीत ठोकून बसवलेली पाचर समजा. मागे खडक, दोन्ही अंगांना खडक, उघडं पडतं ते एकच तोंड. भराव आपल्या वजनाने खाली बसू पाहतो, आणि बाजूचा खडबडीत खडक त्याला घासून धरून ठेवतो. बरंचसं वजन तळापर्यंत पोचतच नाही, वाटेतच खडक ते आपल्या अंगावर घेतो. याला 'आर्चिंग' म्हणतात. कमान दिसत नाही, पण कमानीचं काम होतं.

हे आपल्याकडच्या आजीलाही ठाऊक होतं. कणगीत ज्वारी कितीही उंच भरली तरी खालच्या भोकाचा बोळा फुटत नाही. कणगीऐवजी तेवढंच पाणी असतं तर? जर्मनीत यान्सेन नावाच्या इंजिनिअरने १८९५ साली धान्याच्या कोठारांवर मोजमापं करून याचं गणित मांडलं. खाणवाले आजही तेच वापरतात.

आता आकडे. भरावाचं वजन घनमीटरला साधारण २ टन. ३० मीटर उंचीचा मोकळा खांब असेल तर तळाशी दाब ६०० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला ६० टन. पण उघडं पडणारं तोंड १५ मीटर रुंद असेल तर कॅनडाच्या मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिलेलं सूत्र सांगतं की ६०० ला (१ अधिक उंची भागिले रुंदी) ने भागा. म्हणजे १ अधिक २, म्हणजे ३. उत्तर २००. त्यावर दीडपट सुरक्षितता धरली तर ३००. भरावाला एवढीच ताकद हवी. तुमचं एम-२० काँक्रीट म्हणजे २०,००० किलोपास्कल. साध्यातली साधी लाल वीट ३,५००.

सुरुंगभाऊ, वाळू चालायची कारण तिला उघडं तोंड कधी पडायचं नाही. शेजारी खोदायचं नसेल तर सिमेंट लागतच नाही. आपल्याच राज्यात नागपूर-भंडाऱ्याकडच्या मॅंगनीजच्या खाणींतही वाळूचं स्टोइंग होत आलंय. थराथराने वर जायचं आणि भरलेल्या वाळूवरच उभं राहून पुढचा थर काढायचा.

केळीबाग_रावेर

म्हणजे एकाआड एक सरीला पाणी देतो तसं? आधी एक सोडून एक काढायचे, ते भरायचे, मग मधले काढायचे?

टोपीदिवा

अगदी तसंच. पहिल्या फेरीतले 'प्रायमरी', मधले 'सेकंडरी'. प्रायमरीच्या भरावात सिमेंट घालावंच लागतं, कारण सेकंडरी काढताना त्याचं अंग उघडं पडणार. सेकंडरी भरताना मात्र हात आखडता घेतात, कधीकधी नुसता टाकाऊ दगडच ढकलून देतात. शेजारी काढायला काही उरलेलंच नसतं.

एम_वीस

मी स्थापत्य शिकवते. टोपीदिवा काकांचं बहुतेक पटलं, पण दोन ठिकाणी अडले.

पहिलं. ठेकेदारभाऊ, खरा धक्का १ ला २० मध्ये नाही, पाण्यात आहे. पेस्टमध्ये (टेलिंग्ज, सिमेंट आणि पाणी कालवून झालेला हा दाट माल) वजनाने ७५ टक्के घन आणि २५ टक्के पाणी धरा. घनाच्या ५ टक्के सिमेंट म्हणजे ३.७५. पाणी-सिमेंट गुणोत्तर पावणेसातच्या आसपास गेलं! आपण साइटवर ०.५ चं ०.६ झालं तरी मिस्तरीवर ओरडतो. सिमेंटच्या रेणूंना एवढं पाणी लागतच नाही, उरलेलं पाणी पोकळ्या करून बसतं. म्हणून ओरखडा उठतो. तो तुकडा म्हणजे दगड नव्हे, कणाकणांना टाके घातलेली माती आहे.

दुसरं. मिचेलचं सूत्र सोयीचं आहे, पण डोळे झाकून वापरायचं नाही. त्यात भरावाचं स्वतःचं घर्षण शून्य धरलंय आणि तो बाजूच्या खडकाला आपल्या पूर्ण चिकटपणाने धरून राहतो असं मानलंय. खडक गुळगुळीत असेल, किंवा वर छताखाली फट राहिली असेल, तर? शिवाय भराव पडतो तो नुसता चिरडून नव्हे. उघड्या तोंडातून तिरकी पाचर घसरून बाहेर येते. उभ्या दरडीची पडते तशी.

चाळीसगावचा_ठेकेदार

पावणेसात!!! मॅडम, हा आकडा आमच्या मिस्तरीला सांगू नका, उद्यापासून पाइप लावूनच माल कालवेल.

पण एक शंका. एवढं पाणी असेल तर ते वर यायला हवं ना? स्लॅबला पाणी जास्त झालं की वर तरंगतं, आम्ही फळीने निपटून काढतो.

लेवाकन्या

इथे मी बोलू का? खाणीतलं शून्य कळतं, पण परवाच बिबडे घातलेत.

ज्वारी भिजवून, भरडून, घाटा शिजवला की तो थापायच्या वेळी ओल्या कापडावर पसरतो पण पाणी सोडत नाही. तोच घाटा नीट शिजला नाही, किंवा भरड फार जाड राहिली, की कापडावर पाणी वेगळं आणि कण्या वेगळ्या. बारीक पीठ पाणी धरून ठेवतं, कण्या सोडून देतात. तुमच्या पेस्टचं तसंच असणार.

टोपीदिवा

ताई, तुम्हाला प्लांटवर नोकरी नक्की. पेस्टचा पाठातला नियमच आहे की २० मायक्रॉनहून बारीक कण निदान १५ टक्के हवेत, म्हणजे पाणी सुटत नाही आणि पाइपात माल खाली बसत नाही. जुन्या हायड्रॉलिक भरावात, म्हणजे भरपूर पाण्याबरोबर वाहून आणलेल्या मालात, नेमकं उलट. तिथे बारीक गाळ मुद्दाम काढून टाकायचा, कारण पाणी झिरपून गेलंच पाहिजे. जादुगुड्याच्या युरेनियम खाणीत असा गाळ वेगळा केलेला भराव कित्येक वर्षं वापरलाय.

आणि घाटा थंड झाल्यावर पातेल्यात घट्ट होतो ना? पेस्ट पाइपात थांबली की तेच होतं. प्लांट अचानक बंद पडला तर पहिली धावपळ पाइप धुण्याची. नाही धुतला तर शेकडो मीटर पाइप कायमचा दगड.

धुळ्याचा_बंडू

माले निम्मं समजनं नही, पन वाचाले मज्या ई राह्यनी. कोनी तरी शेवभाजीवर बी एक उदाहरन द्या भो.

भरीतवाला

शेवभाजी = रस्सा हायड्रॉलिक फिल, शेव बारीक कण. दहा मिनिटं ठेवली की पेस्ट फिल. अजून काय पाहिजे?

केळीबाग_रावेर

अवांतर, पण विचारतोच. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख भुसावळकरांच्या छातीवर आहे. वारा सुटला की वाळत घातलेले कपडे राखाडी. ती या खाणींना का देत नाहीत? आणि दुसरीकडे गिरणेची आणि तापीची वाळू रात्री-बेरात्री उपसून नेतात, त्यापेक्षा राख काय वाईट?

एम_वीस

राख वापरतात, पण एकटी नाही. आपल्या औष्णिक केंद्रांच्या राखेत चुन्याचं प्रमाण कमी असतं, ती नुसत्या पाण्याने जमत नाही. सिमेंटमधून सुटणारा चुना मिळाला की मग हळूहळू काम करते. म्हणून थोडं सिमेंट काढून तेवढी राख घातली तर ५६-९० दिवसांची ताकद ठीक येते, पण पहिल्या आठवड्यात माल मऊ राहतो. खाणीला तर घाई पहिल्याच आठवड्याची. पोलाद कारखान्यांची दळलेली मळी, म्हणजे स्लॅग, या कामात राखेपेक्षा सरस.

वाहतुकीचं गणित वेगळंच. भुसावळहून राजस्थानात राख नेण्यापेक्षा ते जवळच्या केंद्राची घेतील.

सुरुंग

राख वीटभट्टीवाल्यांनाच पुरवा आधी. आणि वाळूचा विषय काढू नका, धागा तहसीलदारांपर्यंत जाईल.

टोपीदिवा (बुधवार, रात्री ११:०५)

ताकदीवर सगळे बोलले. मी ज्याची भीती बाळगून ३१ वर्षं काढली ते अजून कोणी विचारलं नाही. पोकळीला खाली तोंडं असतात, जिथून दगड ओढून काढलेला असतो. भरायच्या आधी ती बंद करावी लागतात. त्या आडव्या भिंतीला 'बॅरिकेड' म्हणतात. दहा मजली भरावापेक्षा मला त्या ४ मीटरच्या भिंतीची धास्ती जास्त.

कारण भराव ओला असतो तेव्हा त्याला आर्चिंग वगैरे काही नसतं. तो जड पाणी असतो. १० मीटर ओला माल म्हणजे बॅरिकेडच्या दर चौरस मीटरवर जवळजवळ २० टन. ४ बाय ४ ची भिंत असेल तर ३२० टन. सिमेंट जमलं, पाणी निघून गेलं किंवा सिमेंटने पिऊन टाकलं, की तोच दाब झरझर उतरतो. म्हणजे सगळा धोका पहिल्या काही दिवसांत.

एक रात्र सांगतो. खाणीचं नाव राहू द्या. हायड्रॉलिक भराव चालू होता, मी नवा शिफ्ट इनचार्ज. बॅरिकेड विटांचं, खाली पाणी जायला नळ्या सोडलेल्या. दर तासाला जाऊन पाहायचं. संध्याकाळी नळ्यांतून चांगली करंगळीएवढी धार होती. दोन वाजता गेलो तर धार थेंबावर आलेली. मी खूश. वाटलं, पाणी संपलं, माल बसला. वहीत तसं लिहायलाही घेतलं.

सोबत एक मेट (खाणीतला मुकादम) होता, छत्तीसगडकडचा, पन्नाशीचा. त्याने दिवा भिंतीवर आडवा धरला. समोरून प्रकाश पाडला तर भिंत सपाट दिसते, आडवा पाडला तर फुगवटा दिसतो. मधल्या विटांच्या सांध्यातून ओलाव्याची बारीक रेघ उतरत होती, राखाडी. तो एवढंच म्हणाला, "साहब, टपकना बंद हुआ है, पानी बंद नहीं हुआ." आणि माझ्या दंडाला धरून मला ओढत बाहेर काढलं. वर फोन करून भराव थांबवला. नळ्या गाळाने चोंदल्या होत्या. भिंत त्या रात्री गेली नाही, सकाळी मागून दुसरा आधार घातला. गेली असती तर त्या बोगद्यात उभं राहायला जागा नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या शिफ्टमध्ये कोरडं बॅरिकेड ही चांगली बातमी कधी धरली नाही. किती माल वर गेला, त्यात किती पाणी होतं, खाली किती आलं, याचा हिशेब जुळलाच पाहिजे. दुधाचा जुळवतात तसा.

ऑस्ट्रेलियात ब्राँझविंग सोन्याच्या खाणीत जून २००० मध्ये असंच बॅरिकेड फुटून चिखल बोगद्यात आला. तीन माणसं गेली.

एम_वीस

काका, अंगावर काटा आला. हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवू का?

टोपीदिवा

दाखवा की. मेटचं वाक्य तेवढं हिंदीतच ठेवा.

लेवाकन्या

ते मेटदादा आता कुठे असतात?

टोपीदिवा

निवृत्त होऊन गावी गेले. पाचसहा वर्षं दिवाळीला फोन यायचा.

गच्चीवरचा_भाचा (गुरुवार, सकाळी ८:३०)

मामा, मीच तो थापाड्या. तुमच्या फोनवर धागा उघडा दिसला, मग खातंच काढलं.

टोपीदिवा काका, नमस्कार. तुम्ही सांगितलेल्याच भीतीपोटी आम्ही दोन टप्प्यांत भरतो. आधी 'प्लग', म्हणजे बॅरिकेडच्या माथ्याच्या वर काही मीटर जाईल एवढाच माल, त्यात सिमेंट जास्त. तो काही दिवस जमू द्यायचा. मग वरचा मोठा भराव. प्लग जमला की वरच्या ओल्या मालाचा भार बॅरिकेडपर्यंत फारसा पोचत नाही. बॅरिकेडमागे दाब मोजायचे सेल लावतो, आकडा वर चढला की ओतणं थांबतं. एक गंमत त्यात दिसते. सिमेंट जमताना पाणी पिऊन घेतं आणि कणांमधल्या पाण्याचा दाब पडायला लागतो, वरून ओतणं चालू असतानाही. आलेख खाली वळताना पाहिला की चहा गोड लागतो.

मामा, पैशांचं तुम्हाला पटेल. ३० मीटर उंच, १५ रुंद, २० खोल पोकळी म्हणजे ९,००० घनमीटर. घनमीटरला कोरडा माल दीड टन धरला तर १३,५०० टन. त्यात १ टक्का सिमेंट म्हणजे १३५ टन, २,७०० गोण्या. एक टक्का! म्हणून आमच्याकडे अर्ध्या टक्क्यावरून बैठका होतात. तीच पोकळी तुमच्या एम-२० ने भरायची तर ७२,००० गोण्या. खाण विकावी लागेल.

चाळीसगावचा_ठेकेदार

बाळा, खाली ये, चहा झालाय. तिथून काय टाइप करतोस.

(बाकीच्यांसाठी: २,७०० गोण्या म्हणजे माझं दोन वर्षांचं सिमेंट. गप्प बसलो.)

सुरुंग

भाचेबुवा, मला एक सांगा. सुरुंग उडाला की हादऱ्याने हा नखाने ओरखडणारा माल परत चिखल होत नाही का? भूकंपात वाळू पातळ होते म्हणतात.

गच्चीवरचा_भाचा

बरोबर भीती आहे. म्हणूनच थोडं का होईना सिमेंट लागतं. ताकद १०० किलोपास्कलच्या वर गेली की हादऱ्याने पातळ होत नाही, असा ढोबळ नियम जगभर धरतात. सेकंडरीचा सुरुंग फार जवळ लागला तर तोंडाचे पापुद्रे निघतात, ते दगडात मिसळतात, आणि मिलवाले आमच्या नावाने बोटं मोडतात की जस्त पाठवलं की सिमेंट.

केळीबाग_रावेर

म्हणजे एवढा भराव घालून छत पेललं जातं ना? मला आतापर्यंत वाटत होतं भराव म्हणजे खांब.

टोपीदिवा

हाच गैरसमज बऱ्याच इंजिनिअरांचाही असतो. भराव डोंगर पेलत नाही. त्याला तेवढा कडकपणाच नाही, खडकापुढे तो शेकडो पटीने मऊ. डोंगराचा भार भोवतीचा खडकच घेतो. भरावाचं काम एवढंच की बाजूच्या भिंतीला आत यायला जागा ठेवायची नाही. विहिरीचं कडं आठवा. कच्च्या मातीतली विहीर बांधतो तेव्हा कडं काही शेत पेलत नाही, मातीचा पहिला कण सुटू देत नाही. पहिला सुटला नाही की दुसरा सुटत नाही.

म्हणूनच भराव आतून तडकला तरी फार बिघडत नाही. मशीनवर मोकळा नमुना दाबला तर तो एका मर्यादेनंतर तडकतो आणि ताकद घसरते. तोच चोहोबाजूंनी आवळून दाबला तर तडकल्यावरही भार घेत राहतो, उलट घट्ट होत जातो. खोल खाणीत दोन्ही बाजूंचे खडक जवळ येतात आणि भरावाला असंच आवळतात.

केळीबाग_रावेर

कड्याचं उदाहरण डोक्यात बसलं. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या. आजोबांची विहीर मागच्या वर्षी ढासळली. पाणी होतं तोवर उभी होती, सुकल्यावर खचली.

एम_वीस

भाचेबुवा, एक तांत्रिक. तुमच्या टेलिंग्जमध्ये गंधकयुक्त खनिज असणारच, पायराइट वगैरे. सिमेंटला ते कसं झेपतं?

गच्चीवरचा_भाचा

मॅडम, दुखत्या जागी बोट ठेवलंत. सल्फेटवाल्या पाण्यात सिमेंट मुळात उशिरा जमतं. आणि पायराइटला हवा-पाणी मिळालं की आम्ल तयार होतं, सिमेंटशी भांडून जिप्सम आणि फुगणारी स्फटिकं होतात. २८ दिवसांना छान दिसणारा नमुना तीनचार महिन्यांनी कमजोर निघू शकतो. असे नमुने मी डब्यातून काढताना हातातच दुभंगताना पाहिलेत, कडेने केसाएवढ्या चिरा. म्हणून आम्ही नुसत्या २८ दिवसांवर विसंबत नाही आणि स्लॅग मिसळतो. त्याने ही झीज बरीच कमी होते.

बरं, उलटंही होतं. आत गेलेल्या भरावाची ताकद बरेचदा प्रयोगशाळेतल्या डब्यापेक्षा जास्त निघते. वरच्या वजनाने तो दाबून बसतो, खालचा खडक गरम, सिमेंट लवकर जमतं. डब्यातल्या नमुन्याला ना वजन ना ऊब.

भरीतवाला

डब्यातला नमुना = होस्टेलचा पोरगा. बाकी ठीक.

चाळीसगावचा_ठेकेदार (शनिवार, रात्री १०:२०)

मंडळी, धागा मीच काढला, मीच निकाल देतो.

काल भाच्याने प्रयोग करून दाखवला. ४ इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटी तुकडा घेतला. गोठ्याच्या आढ्याला दोरीने उभा टांगला, खालचं तोंड वजनकाट्याच्या ताटाला टेकू द्यायचं नाही, ज्वारीचा दाणा निसटणार नाही एवढीच फट. मग वरून ज्वारी ओतायला सुरुवात. पहिल्या अर्ध्या किलोला काटा जवळजवळ तेवढाच हलला. एक किलो ओतली, काटा मागे राहायला लागला. तीन किलो ओतल्यावर काटा सव्वाच्या आसपास रेंगाळला. मग मी ओततोय ओततोय, पाइप काठोकाठ भरला, एकूण साडेनऊ किलो आत गेली, आणि काटा दीडच्या पुढे सरकेना. उरलेली आठ किलो कुठे? मी दोरी चाचपली. तारेसारखी ताणलेली. वजन पाइपाने धरलं होतं आणि पाइपामार्फत आढ्याने.

मग भाचा म्हणाला, मामा, आता पाइपाला खालच्या बाजूने उभा काप द्यायचा म्हटलं तर? मी म्हटलं, सगळी ज्वारी गोठ्यात. तो म्हणाला, त्या कापातून दाणे सुटू नयेत एवढ्यापुरतंच आमचं सिमेंट.

तेव्हा मान्य. वजन खडक धरतो, सिमेंट फक्त दाण्याला दाणा बांधतं.

तो तुकडा मी सोमवारी रात्रीच पाण्याच्या बादलीत टाकून ठेवला होता, विरघळेल या आशेने. शेजारी आमच्या काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ. ढेकूळ तासाभरात चिखल झालं. तुकडा आज पाच दिवसांनी काढला. कडा शाबूत. नखाने ओरखडा अजूनही उठतो, पण बादलीचं पाणी स्वच्छ.

धुळ्याचा_बंडू

आते मन्हा डोकामा उजेड पडना भो.

लेवाकन्या

ठेकेदारभाऊ, प्रयोगाला ज्वारी कुठली वापरलीत?

चाळीसगावचा_ठेकेदार

हाच प्रश्न बहिणीने विचारला, वेगळ्या आवाजात. बिबड्यांसाठी निवडून ठेवलेली होती. मी आणि भाचा सध्या गोठ्यात बसून कडबा वेचतोय त्यातला.